कूलर कोणी लावला

"हात दाखवा."

दारव्ह्याच्या कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी रसायनशास्त्राच्या स्टोअररूमच्या दारात माझं स्वागत या दोन शब्दांनी झालं. मी एम.एस्सी., नेट पास, साडीला कडक इस्त्री. आणि समोरचा खाकी शर्टातला, गळ्यात पांढरा दुपट्टा टाकलेला काटकुळा माणूस मला बालवाडीतल्या पोरीसारखे हात पुढे करायला सांगत होता. मी चिडले. पण हात पुढे केले. त्यांनी तळवे पाहिले, उलटे करायला लावून मागची बाजू पाहिली आणि दुपट्ट्याचं टोक माझ्यापुढे धरलं.

"ओले हायेत. पुसा, मंग आत या."

"आत्ताच तर धुऊन आले," मी म्हणाले.

"म्हणूनच तं," ते म्हणाले.

ते आमचे प्रयोगशाळा परिचर. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणत. तुम्हीही अशी माणसं पाहिलीच असतील. दर कॉलेजात, दर कचेरीत एक असतो. हजेरीपटावर त्याचं नाव अगदी तळाला असतं आणि वरच्या नावांपैकी कोणाचंच त्याच्यावाचून पान हलत नाही. फरक एवढाच, की आमच्या चाचांना हे ठाऊक होतं आणि ते लपवायची तसदी ते घेत नसत.

स्टोअरमध्ये तीनेकशे बाटल्या होत्या, पण चाचांचा जीव त्यातल्या दोनच बाटल्यांत होता. एक फॉस्फरस पेंटाक्लोराइडची. आत पिवळसर पांढरी भुकटी, दिसायला जुनी झालेली पिठीसाखर. दुसरी फॉस्फरस ट्रायक्लोराइडची. हा द्रव दिसतो पाण्यासारखा आणि आहे पाण्याचा हाडवैरी. दोघांनाही पाणी खपत नाही. पाणी सोडाच, हवेतली ओलसुद्धा खपत नाही. झाकण उघडलं की हवेतलं बाष्प ओढून घेतात आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा पांढरा, नाक-घसा जाळणारा धूर सोडायला लागतात. वर पाणीच पडलं तर तडतडून उसळतात, तापतात, काच फुटते. मी हे फळ्यावर समीकरणं मांडून अर्धा तास शिकवायची. चाचा एका वाक्यात उरकायचे.

"याइले पाणी दिसलं का याइचं डोकं फिरते."

पेंटाक्लोराइडची बाटली वर्षातून दोनदाच उघडली जायची. एरवी तिच्या बुचावर चाचांनी मेणबत्तीचं मेण ओतून ठेवलेलं असे. ती कोणत्या दिवशी उघडायची हे वेळापत्रक ठरवत नसे, विभागप्रमुख तर नाहीच नाही. ते ठरवायचं चाचांच्या घरचं मीठ. सकाळी निघताना ते स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत दोन बोटं घालत. मीठ सुटं लागलं तर कॉलेजात येऊन सांगत, "आज उघडू." जरा चिकट लागलं तर कोणी डोकं आपटलं तरी बाटली जागची हलत नसे. मी एकदा मोठ्या शहाणपणाने भिंतीवरच्या आर्द्रता मोजायच्या यंत्राकडे बोट दाखवलं.

"ते काय, मॅडम," चाचा म्हणाले, "ते तं तुमच्या आधीच्या सरच्या आधीच्या सरपासून बंद हाये."

बाटली उघडली की प्रत्येक विद्यार्थ्याला गव्हाच्या दाण्याएवढं पेंटाक्लोराइड मिळायचं. ते कोरड्या परीक्षानळीतल्या अल्कोहोलमध्ये टाकायचं, धूर निघाला की अमोनियात बुडवलेली काचेची कांडी नळीच्या तोंडाशी धरायची. दाट पांढरे ढग आले की समजायचं, हे अल्कोहोल. पण नळीत पाण्याचा एक थेंब जरी राहिला असेल तरी तसाच धूर निघतो आणि विद्यार्थी पाण्यालाच अल्कोहोल ठरवून मोकळा होतो. म्हणून चाचा बाकाबाकावरून फिरत आणि एकेक नळी उजेडात धरून पाहत. "ओली नळी खोटी गवाही देते, पोट्टेहो," असं त्यांचं चाललेलं असे.

ते पांढरे ढग पाहताना त्यांचा चेहरा बदलायचा. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हा माझ्या बापाचा धूर हाये, मॅडम." त्यांचे वडील गावोगाव फिरून भांड्यांना कलई करत. तापलेल्या पितळेवर नवसागर टाकला की जो पांढरा धूर उठतो तोच हा. नवसागरच बनतो दोन्हीकडे. लहानपणी चाचा भाता मारत बसत आणि तो धूर नाकातोंडात घेत. पुढे चौतीस वर्षं प्रयोगशाळेत गेली. त्यामुळे छाती कामातून गेलेली. जिना चढले की शीळ वाजल्यासारखा श्वास ऐकू यायचा. यवतमाळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की यापुढे असला धूर एकदा जरी भरपूर छातीत गेला तर मग माझ्याकडे येऊ नका. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं होतं, आणि मी हसले नव्हते.

आता तुम्ही विचाराल, दोन बाटल्यांना एवढं जपायचं कशाला? संपली की दुसरी मागवावी. मलाही तसंच वाटायचं. पहिल्याच वर्षी मी नागपूरच्या पुरवठादाराला फोन केला. तो म्हणाला, ट्रायक्लोराइड हवं तर कॉलेजचं पत्र लागेल, कशासाठी वापरणार त्याचं हमीपत्र लागेल, कोण वापरणार त्याची सही लागेल. कारण या द्रवापासून कीटकनाशकं बनतात तसे माणसं मारायचे वायूही बनवता येतात, म्हणून त्याच्यावर नजर असते. बरं, सगळे कागद दिले तरी छोटी बाटली आम्ही ठेवत नाही. ठेवली तरी कुरिअरवाला घेत नाही. एसटीत चालत नाही. कधी कोणाची मोठी ऑर्डर निघाली तर त्यांच्या गाडीतून यवतमाळपर्यंत येईल, पुढचं तुमचं तुम्ही पाहा.

मी हे चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "कपाशीवर फवारतात त्या अवशिदातही हेच लागते ना?"

"बऱ्याच औषधांत."

"म्हणजे कारखान्याले टँकरनं अन् आपल्याले पावशेरही नाही."

ती शेवटची ट्रायक्लोराइडची बाटली त्यांनीच यवतमाळहून आणली होती, काळीपिवळी जीपमधून. बाटली पत्र्याच्या डब्यात, डब्यात कोरडी वाळू, डबा मांडीवर, आणि शेजारची जागाही त्यांनीच घेऊन मोकळी ठेवलेली. चालकाने ती जागा अर्थातच मोकळी राहू दिली नाही. अर्ध्या वाटेत एक बाई चढली, डोक्यावर पाण्याने भरलेली कळशी. देवाचं पाणी होतं, खाली ठेवता येत नव्हतं. चाचांनी त्या कळशीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि जीप थांबवून फाट्यावर उतरले. भर उन्हात दोन तास उभे राहून पुढच्या तीन जीप त्यांनी वाकून आत पाहून सोडल्या. चौथीत कोणाकडे साधी पाण्याची बाटलीसुद्धा नाही अशी खात्री झाल्यावर बसले. हा किस्सा ते स्वतः सांगत नसत. गावातले लोक सांगत आणि वर म्हणत, "चाचाच्या हातून चौतीस वर्षांत थेंब सांडला नाही." हा त्यांचा लौकिक होता. या लौकिकापलीकडे त्यांच्याजवळ मिरवावं असं फारसं काही नव्हतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. इतका वेळ बाटलीच्या गोष्टी सांगून मी ते टाळत आले आहे.

त्या वर्षी परीक्षा लांबल्या आणि प्रात्यक्षिकं मे महिन्यात आली. पारा चव्वेचाळीसवर. चाचांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि मला कायम करायची फाईल संस्थेच्या टेबलावर होती. चाचा तीन दिवस केळापूरला बहिणीकडे गेले. जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "कायलेही हात लावू नोका. लावाच लागला तं मले फोन करा."

त्या दुपारी मी स्टोअर उघडलं आणि आतल्या झळीने मागे सरले. भट्टीच होती ती. आणि वरच्या फळीवर ईथरच्या चार बाटल्या. ईथर पस्तीस अंशांना उकळतं. मी चाचांना फोन केला नाही. मी स्टाफरूममधला कूलर ढकलत ढकलत आणला, स्टोअरच्या खिडकीत बसवला, वाळ्याच्या ताट्या ओल्या केल्या, टाकीत साठवणीच्या पाण्याच्या बादल्या ओतल्या, पुढचे दोन दिवसही बाहेरून ओतत राहिले, आणि तो लावून दिला. व्हरांड्यातल्या नळाची पाइप टाकीत सोडली. नळाला पाणी नव्हतं, तर तोटी तशीच उघडी ठेवली, म्हणजे पाणी आलं की टाकी आपोआप भरेल. आमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी येतं, सगळेच असं करतात. थंड वारं सुटलं. मी स्वतःवर खूश होऊन दार लावून घेतलं.

ईथरचा विचार केला. खालच्या फळीवरच्या दोघांचा केला नाही. पाण्याच्या वैऱ्यांच्या खोलीत मी तीन दिवस ओला वारा सोडून ठेवला. एम.एस्सी., नेट पास.

चौथ्या दिवशी परीक्षा सुरू होती. एकोणीस मुलं, बाहेरगावचे परीक्षक, सगळे प्रयोगशाळेत. अकराच्या सुमारास दाराजवळची मुलगी खोकायला लागली, मग तिच्या शेजारची. मी वळून पाहिलं तर स्टोअरच्या दाराखालच्या फटीतून पांढरा धूर सरपटत बाहेर येत होता, आणि त्याच फटीतून पाणीही. सकाळी नळ आला होता. टाकी भरून वाहत होती आणि उंबऱ्याच्या आत सगळी खोली तळं झाली होती.

परीक्षक ओरडले, "आग! पाणी मारा, पाणी!" मुलं बाहेर पळाली. आमचा शिपाई भरलेली बादली घेऊन धावत आला. मला ओरडायचं होतं, पण घशातून आवाजच निघेना. त्याने दार उघडलं असतं आणि बादली आत फेकली असती.

तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला. "बादली खाली ठेव!"

चाचा. बसमधून उतरून तसेच आले होते, खांद्याला पिशवी. एवढ्या मोठ्याने बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. शिपायाने बादली ठेवली. चाचांनी एकदा हुंगलं, धुराकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं.

"ही आग नाही. आत पाणी कायचं हाये?"

"कूलर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार तर एक क्षण. मग म्हणाले, "मेन बंद करा पह्यले. तोटी बंद करा."

मी धावले, दोन्ही बंद केलं, परत आले. तोवर त्यांनी दुपट्टा, आम्लाचा धूर मारायला, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून नाकातोंडाला बांधला होता, डोळ्यांवर चष्मा लावला होता, आणि पिशवीतल्या कोरड्या लुंगीने कोपरापर्यंत हात पुसत होते. ट्रायक्लोराइडची बाटली अजून त्याच वाळूच्या डब्यात, डबा खालच्या फळीवर, जमिनीपासून चार बोटं उंच. तीन दिवसांच्या ओलीने बाटलीचं झाकण खाऊन टाकलं होतं म्हणून धूर येत होता. पाणी डब्यात शिरलं तर बाटली फुटणार. ती फुटली तर जी उष्णता होईल तिच्यावर ईथर. मग खरीच आग, आणि पलीकडे गॅसच्या नळ्या.

"मी जाते," मी म्हणाले. मी म्हणाले हे खरं आहे, आणि माझे पाय जागचे हलले नाहीत हेही खरं आहे.

"तुमाले डबा कुठं हाये मालूम नाही. आत डोळे उघडता येनार नाही. मी डोळे मिटून जातो."

"चाचा, तुमची छाती..."

"मोठ्यानं आकडे मोजा. विसावर मी बाहेर. नाही आलो तं फायरवाल्याइले वाळू आणाले सांगा. पाणी नाही."

दार उघडलं, धुराचा लोट बाहेर आला आणि ते त्यात नाहीसे झाले. मी मोजायला लागले. पाच. आठ. आत पाण्यात पावलांचा आवाज. बारा. काचेला काच लागल्याचा आवाज. पंधरा. आवाज बंद. अठरा, एकोणीस, वीस. कोणी आलं नाही. मी एकवीस म्हणाले, बावीस म्हणाले, माझा आवाज फाटला. सव्वीसला ते बाहेर आले, डबा छातीशी धरलेला, डबा धुरकटत होता. जिना उतरले, मैदानात गेले आणि लांब उडीच्या खड्ड्यात, मे महिन्याच्या हाडकोरड्या वाळूत, त्यांनी तो ठेवला आणि हातांनी वर वाळू लोटली. मैदानात जमलेली मुलं टाळ्या वाजवायला लागली.

चाचा परत निघाले.

"कुठे?" मी त्यांचा शर्ट धरला. आयुष्यात पहिल्यांदा.

"पेंटा राह्यलं ना."

"राहू दे! मेण आहे त्याला!"

"मेण ओलीत किती टिकते?" त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. "अन् दुसरी बाटली कोण देऊन राह्यलं आपल्याले?"

दुसऱ्या वेळी मी तेहतिसापर्यंत मोजलं. पेंटाक्लोराइडची बाटली वाळूत ठेवल्यावर ते खड्ड्याच्या कडेला बसले आणि खोकायला लागले. तो खोकला मी सांगू शकत नाही. नगरपालिकेची अग्निशमन गाडी आली तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. गडी नळी घेऊन खड्ड्याकडे धावले, तर हे तसेच उठले आणि दोन्ही हात पसरून वाळूसमोर उभे राहिले. मग माझा आवाज परत आला. मी ओरडले, "पाणी नको!" तेवढं एक काम त्या दिवशी माझ्याकडून धड झालं. थेंब सांडला नाही, काच फुटली नाही, एकाही मुलाला ओरखडा आला नाही.

प्राचार्य तासाभराने आले. चाचांना झाडाखाली खुर्ची दिली होती, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. प्राचार्यांनी स्टोअर पाहिलं, खिडकीतला कूलर पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हा कूलर कोणी लावला?"

मी तोंड उघडलं. चाचा माझ्या आधी बोलले. दोन श्वासांत एक शब्द, असे.

"मी, सर. जायच्या दिवशी... लावून गेलतो. गरमी लय होती."

मी काही बोलले नाही. मला सांगायचं होतं, असं मी पुढे स्वतःला शंभरदा बजावलं. पण तिथे उभी असताना मला माझी फाईल दिसत होती, आणि मी बोलले नाही. दगडाखाली माझा हात होता आणि सोडवून घेताना मी त्यांचा हात खाली ठेवला.

आठवड्याने त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. इतकी वर्षं विभागातली नोटीस त्यांना मी मराठीत वाचून दाखवायची, कारण इंग्रजी त्यांना जमत नसे. ही पण मीच वाचली. 'अक्षम्य निष्काळजीपणा' या शब्दांशी मी अडखळले.

"थांबल्या काहून? वाचा ना," ते म्हणाले.

"चाचा, मी आत्ता जाऊन सांगते."

"काय सांगता? ऐका. तुमच्या आधीचे दोघं गेले, त्याइच्या जागा भरल्या का? नाही भरल्या. तुमी गेल्या तं केमिस्ट्री बंद. पोट्ट्याइले यवतमाळले जा लागन, अन् पोट्ट्याइचे बाप पोरीइले यवतमाळले पाठवत नाहीत. मी तं तसाबी जाऊनच राह्यलो." दम लागला म्हणून थांबले. "ऑर्डर हातात आली का मंग सांगा. ज्याले सांगायचं त्याले सांगा."

त्यांचा निरोपसमारंभ पाच मिनिटांत झाला. शाल दिली, पण कोणी भाषण केलं नाही. गावात तर बघायलाच नको. ज्या तोंडांनी वर्षानुवर्षं 'थेंब सांडला नाही' म्हटलं, त्याच तोंडांनी चहाच्या टपरीवर म्हणायला सुरुवात केली, "चाचानं जाता जाता कॉलेजले कूलरची हवा दाखवली!" मी टपरीवरून जायची, ऐकायची, आणि पुढे जायची.

कायम झाल्याची ऑर्डर ऑगस्टमध्ये आली. सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. गणपती होऊ दे, म्हटलं. मग सत्र परीक्षा होऊ दे. मग दिवाळी. टाळणाऱ्याला पंचांग फार मोठं असतं. दोनदा त्यांच्या घरी गेले. ते बाजेवर उशांना टेकून बसलेले, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत असे. बोलायचे ते प्रयोगशाळेबद्दल, पेंटाक्लोराइड किती उरलं, नव्या माणसाला मेण ओतता येतं का. ऑर्डर आली का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. गावभर पेढे वाटले होते मी, त्यांच्याकडेही पाठवले होते. चाची चहा ठेवून आत निघून जात. मला वाटे, आजारपणाने थकल्या आहेत.

डिसेंबरात चाचा गेले.

तिसऱ्या दिवशी जियारत होती, गेलेल्या माणसासाठी कुराण पढायचा दिवस. मी गेले. पुढच्या खोलीत पुरुष होते, पडद्याच्या अलीकडे सतरंजीवर मोहल्ल्यातल्या बाया बसल्या होत्या, काही पढत होत्या. चाची भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी डोक्यावर पदर घेऊन त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि स्वतःच बोलायला लागल्या.

"तुमीनं लय केलं, मॅडम. येऊन जाऊन राह्यल्या. पण मी काय केलं सांगू? मी त्याइले बोलली. सात महिने बोलली. म्या म्हटलं, साऱ्या दुनियेले शिकवलं अन् आखरीले खुदच कूलर लावून बसले. आपल्याच हातानं आपली छाती जाळून घेतली, अन् इज्जत बी घालवली. जेवाले वाढतानी बोलली, दवा देतानी बोलली. ते कायी म्हनत नोयते. जेवून घेत. मरायच्या आदल्या दिवशी बी मी बोलली."

चाचांनी घरीही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, निदान इथे तरी खरं ठाऊक असेल. आता सांगितलं तर या बाईला समजेल की सात महिने आपण एका निर्दोष माणसाला टोचत राहिलो, आणि त्याची माफी मागायला तो उरला नाही. ते तिला जन्मभर पुरेल. नाही सांगितलं तर तो माणूस या घरात, या गल्लीत कायमचा निष्काळजी म्हणून राहील. दोन्हीकडे माझंच पाप होतं. फक्त यातलं एक सोयीचं होतं, आणि सोयीचं मी एकदा करून पाहिलं होतं.

"चाची," मी म्हणाले, "कूलर मी लावला होता."

त्यांना कळलं नाही. "कोन?"

"मी. ते केळापूरला होते. मी लावला, तोटीही मीच उघडी ठेवली. माझी नोकरी जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं. आणि मी घेऊ दिलं."

चाचींनी माझा हात सोडला. डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. शेजारच्या दोघी पढायच्या थांबल्या. मला वाटलं आता त्या मला घराबाहेर काढतील, आणि काढलं असतं तर मला बरंच वाटलं असतं.

त्यांनी डोळे उघडले आणि माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की बांगडी आत रुतली.

"ह्या साऱ्या बाया पानी भरतानी मले म्हनत, तुमच्या बुढ्यानं कॉलेज जाळलं असतं," त्या म्हणाल्या. "तिकडं मरद बसले हायेत, त्याइनं बी म्हटलं हाये." मग मान वर करून सगळ्यांना म्हणाल्या, "चूप रहा जरा." आणि मला, "उभ्या रहा. तिकडं आइकू जाईन असं सांगा. पह्यल्यापासून सांगा."

पढणं थांबलं. पडद्यापलीकडचं बोलणंही थांबलं. मी उभी राहिले. चाचींनी मनगट सोडलं नव्हतं.

"कूलर मी लावला होता," मी मोठ्याने म्हणाले, आणि पुढचं सांगायला लागले.